पेटी-कीबोर्ड येतो पण कॉर्ड्स जमत नाहीत? सारेगम पासूनच सुरुवात करा

ज्यांना सरगम येते, अलंकार झालेत, दोनचार अभंग किंवा भावगीतं पेटीवर काढता येतात, पण कुणी "जरा कॉर्ड धर ना" (म्हणजे चालीखाली दोन-तीन स्वर एकदम दाब) म्हटलं की हात थांबतो, त्यांच्यासाठी हे लिहितोय. कॉर्डचे तक्ते नेटवर ढिगाने मिळतात, सी मेजर, एफ मेजर, ए मायनर, सगळं चित्रांसकट, आणि लोक ते पाठ करत बसतात. मेजर १२ आणि मायनर १२, झाले २४, पाठ होतातही, पण गाण्याखाली नेमका कुठला लावायचा हे त्या तक्त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. ते कळतं कानाला, आणि तुमचा कान सारेगमने आधीच तयार झालाय, त्यामुळे आपण तिथूनच जाऊ.

सगळीकडे पांढरी १ चा सा धरलाय. म्हणजे सा = सी, रे = डी, ग = ई, म = एफ, प = जी, ध = ए, नि = बी. तुम्ही काळी १ मध्ये गात असा की काळी ४ मध्ये, स्वरांची आपसातली नाती तीच राहतात. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण असतं, त्याने पट्टी बदला आणि बोटं पांढरी १ चीच ठेवा. काही लोक याला नाकं मुरडतात, मला तरी सुरुवातीला यात काहीच गैर वाटत नाही, आधी स्वरांचं नातं कानात बसू दे.

पहिली पायरी: तंबोरा ऐका

हो, कॉर्ड शिकायला तंबोरा. चांगला लागलेला तंबोरा शांतपणे ऐकलात, विशेषतः शेवटची खर्जाची तार, तर थोड्या वेळाने त्यातून गंधार ऐकू यायला लागतो. कुणी वाजवत नाही, कुठली तार ग ला लावलेली नाही, तरी येतो. आपल्याकडे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. कारण असं की तार अख्खी हलते तशी ती अर्ध्यात, तिसऱ्या भागात, चौथ्या, पाचव्या, सहाव्या भागातही हलत असते आणि प्रत्येक भागाचा आपला एक बारीक सूर त्या आवाजात मिसळलेला असतो. चौथ्या भागाचा सूर सा, पाचव्याचा ग, सहाव्याचा प. म्हणजे सा-ग-प हे ४:५:६ या प्रमाणात एकाच तारेत बसलेत. आकड्यात सांगायचं तर सा २४० कंपनांचा असेल तर ग ३०० आणि प ३६०.

हाच तुमचा पहिला कॉर्ड. सा-ग-प एकदम दाबा. यालाच सी मेजर म्हणतात.

(कीबोर्डवरचा ग त्या तंबोऱ्यातल्या ग पेक्षा किंचित चढा असतो, २४० च्या सा ला साधारण ३०२.४, कारण कीबोर्डमध्ये सप्तकाचे १२ सारखे भाग पाडलेले असतात. हे लक्षात ठेवा, शेवटी रागांकडे येऊ तेव्हा लागेल.)

दुसरी पायरी: मधला स्वर हलवून बघा

आता काळ्या-पांढऱ्या सगळ्या कीज धरून मोजा. सा पासून ४ घरं पुढे गेलं की ग, ग पासून ३ घरं पुढे प. ४ अधिक ३ म्हणजे मेजर. आता फक्त मधलं बोट एक घर खाली घ्या, सा-कोमल ग-प. झालं ३ अधिक ४, हा मायनर. दोन बोटं जागची हलली नाहीत, एकच स्वर एकच घर सरकला आणि सगळा रंग बदलला, हे आलटून पालटून बरेचदा वाजवा, डोळे मिटून वाजवा, कुणाला तरी वाजवायला सांगून तुम्ही फक्त ओळखा.

मग ग काढूनच टाका, नुसतं सा-प दाबा. ना मेजर ना मायनर, मोकळं मोकळं वाटतं. गिटारवाले याला पॉवर कॉर्ड म्हणतात. हे सा-प आपल्याला पुढे फार उपयोगी पडणार आहे, कारण जिथे ग कुठला लावावा अशी शंका असेल तिथे ग न लावणं हा नेहमी चालणारा मार्ग आहे.

तिसरी पायरी: प्रत्येक स्वरावर एक कॉर्ड

बिलावलचे सात शुद्ध स्वर घ्या, म्हणजे सगळ्या पांढऱ्या कीज. आता कुठल्याही स्वरापासून एक सोडून एक असे तीन स्वर घ्या. काळ्या कीजना हात लावायचा नाही. (डोक्यावर टिंब असलेले स्वर वरच्या सप्तकातले.)

सा-ग-प मेजर
रे-म-ध मायनर
ग-प-नि मायनर
म-ध-सां मेजर
प-नि-रें मेजर
ध-सां-गं मायनर
नि-रें-मं, हा ३ अधिक ३, याला डिमिनिश्ड म्हणतात

घरं मोजून खात्री करून घ्या, माझ्यावर विश्वास ठेवू नका. मोजताना आपोआप कळतं की मेजर-मायनर हे आपण ठरवलेलं नाही, सप्तकात स्वरांमधली अंतरं कमीजास्त आहेत (ग-म आणि नि-सा जवळ, बाकीचे लांब) त्यातून ते आलंय. डिमिनिश्ड सध्या बाजूला ठेवा.

यातले तीन मेजर नीट बघा. सा-ग-प, म-ध-सा, प-नि-रे. तिन्ही मिळून सातही स्वर येतात, एकही राहत नाही. म्हणून शुद्ध स्वरांच्या कुठल्याही साध्या चालीतला कुठलाही स्वर या तिघांपैकी कुठल्यातरी कॉर्डमध्ये सापडतोच, आणि म्हणूनच गिटारवाली मंडळी "वन फोर फाईव्ह" म्हणत असतात. पहिला, चौथा, पाचवा, म्हणजे आपले सा, म, प.

चौथी पायरी: हात उड्या मारता कामा नये

नवशिक्यांच्या कॉर्डमध्ये सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट कुठली असेल तर हीच. सा-ग-प वाजवलं, मग अख्खा हात उचलून म-ध-सां वर नेला, मग पुन्हा उचलून प-नि-रें वर. कॉर्ड बरोबर असतात पण ऐकायला धपाधप वाटतं. कॉर्डमधले स्वर कुठल्याही क्रमाने लावले तरी तो कॉर्ड तोच राहतो, सा-ग-प, ग-प-सां, प-सां-गं तिन्ही सी मेजरच, फक्त खाली कुठला स्वर आहे ते बदललं. याला इन्व्हर्जन म्हणतात. त्याचा उपयोग हात जवळच्या जवळ ठेवायला करायचा.

उजव्या हाताने हे करा:

सा-ग-प, अंगठा सा वर, मधलं बोट ग वर, करंगळी प वर.
आता अंगठा तिथेच ठेवा आणि बाकीची दोन बोटं सरकवा: सा-म-ध. हा म चा कॉर्ड.
परत सा-ग-प.
आता करंगळी प वरच ठेवा आणि बाकीचे दोन खाली आणा: मंद्र नि-रे-प, अंगठा, तर्जनी, करंगळी. हा प चा कॉर्ड.
परत सा-ग-प.

प्रत्येक बदलात एक स्वर जागचा हलला नाही आणि बाकीचे दोन एखाद-दोन घरंच सरकले. आता ऐका, हे गाण्यासारखं ऐकू येतं, कारण एका कॉर्डमधून दुसऱ्यात जाताना प्रत्येक बोटाची आपली एक छोटी चाल तयार होते. हार्मनीचा, म्हणजे चालीला इतर स्वरांची साथ देण्याचा, सगळा जीव माझ्या मते इथे आहे, कॉर्डच्या नावात नाही. एवढं पाच ओळींचं वळण जर तुम्ही रोज दहा मिनिटं हळू लयीत केलंत, प्रत्येक कॉर्डला चार मात्रा देऊन, तर आठवडाभरात बोटं स्वतःहून जागा शोधतात.

कीबोर्ड असेल तर डाव्या हाताने नुसता मूळ स्वर द्या, सा, म किंवा प, एकच बोट. डाव्या हाताने खाली मंद्रात सा-ग-प असा अख्खा कॉर्ड दाबू नका, खालच्या सप्तकात इतके जवळचे स्वर एकत्र आले की नुसता घोगरा गोंगाट होतो. पेटीवाल्यांचा डावा हात भात्यावर असतो त्यामुळे तुम्हाला उजव्या हातातच सगळं बसवायचंय, त्यात गाताना चालही वाजवायची असेल तर तीन स्वरांचा हट्ट सोडा, वर चाल आणि खाली अंगठ्याने कॉर्डमधला एक स्वर, एवढ्यानेही पुष्कळ भरणा होतो.

पाचवी पायरी: एकच सा, पण खाली कॉर्ड बदलून

ही पायरी वगळू नका, हात जोडून सांगतो. तोंडाने लांब सा लावा आणि तो अजिबात न हलवता खाली कॉर्ड बदला. आधी सा-ग-प. मग म-ध-सा. मग ध-सा-ग. तुमचा सा तोच आहे, पण पहिल्यात तो घरी आल्यासारखा स्थिर वाटेल, म च्या कॉर्डवर तो वर उचलला गेल्यासारखा उजळ, ध च्या मायनरवर जरा हळवा. आता चौथा लावा, म-कोमल ध-सा. इथे बऱ्याच जणांच्या अंगावर काटा येतो.

आता हेच ग धरून करा. सा च्या कॉर्डमध्ये ग आहे, ध च्या मायनरमध्ये आहे, ग च्या स्वतःच्या मायनरमध्येही आहे. मग प धरून करा. प्रत्येक स्वर तीन-तीन साध्या कॉर्ड्समध्ये बसतो, म्हणजे चालीतल्या प्रत्येक मुक्कामाला तुमच्याकडे किमान तीन पर्याय असतात आणि त्यातला कुठला हे तुम्ही भावावर ठरवता. म्हणून "या गाण्याचे बरोबर कॉर्ड सांगा" असं कुणी विचारलं की मला उत्तर देणं अवघड जातं, बरोबर बरेच असतात, त्या ओळीच्या शब्दांना साजेसा कुठला ते बघावं लागतं.

सहावी पायरी: चालीखाली कॉर्ड बसवणं

मुख्य नियम: प्रत्येक स्वराला कॉर्ड बदलायचा नाही. चाल कुठे टेकते ते बघा. रागात आपण न्यास म्हणतो ना, तेच, आणि सम. जोराच्या मात्रेवर आलेला किंवा लांबवलेला स्वर कॉर्डमध्ये हवा, मधून पळणारे स्वर कॉर्डबाहेरचे असले तरी कान ते माफ करतो. केहरव्याच्या आठ मात्रांत एक किंवा दोन कॉर्ड पुरतात, दादऱ्यात सहा मात्रांना एक.

सरावासाठी एक छोटी चाल देतो, प्रत्येक ओळ चार मात्रांची:

ग – ग रे
म – म ग
रे – ग म
ग – सा –

पहिली ओळ ग वर टेकते, सा-ग-प लावा. रे पळता आहे, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. दुसरी म वर, म्हणून म-ध-सा. तिसरी रे वर सुरू होते, रे आहे प-नि-रे मध्ये. चौथी ग-सा, दोन्ही सा च्या कॉर्डमधले. सा, म, प, सा. चौथ्या पायरीतल्याच बोटांनी वाजवा, म्हणजे अंगठा सा, सा, नि, सा एवढाच हलेल.

आता बदल करून बघा. दुसऱ्या ओळीला म च्या मेजर ऐवजी रे चा मायनर लावा, रे-म-ध, कारण म त्यातही आहे. चाल तीच, पण जरा सावळी झाली. मग तिसऱ्या ओळीच्या प च्या कॉर्डमध्ये म सुद्धा घाला, प-नि-रे-म. याला सेव्हन्थ म्हणतात, कीबोर्डवर जी सेव्हन. हा कॉर्ड उभा राहूच देत नाही, पुढे जा पुढे जा म्हणतो, कारण यात नि आणि म एकत्र आलेत आणि त्यांच्यामध्ये ६ घरांचं अंतर आहे, सप्तकाचा बरोबर मध्य, कानाला ते अधांतरी वाटतं. नि ला वर सा कडे जायचं असतं, म ला खाली ग कडे, दोघंही एकेक घर सरकले की सा चा कॉर्ड मिळतो आणि कान निवांत होतो.

आणि मग मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. चौथी ओळ, जिथे गाणं संपतंय असं सगळ्यांना वाटतंय, तिथे सा च्या कॉर्ड ऐवजी ध चा मायनर लावा, ध-सा-ग. चालीतले ग आणि सा दोन्ही त्यात आहेत, गाणाऱ्याला काहीच बदलावं लागत नाही, पण ओळ संपत नाही, उघडी राहते. ध्रुवपद पुन्हा एकदा घ्यायचं असेल, पहिल्या वेळी हा लावा आणि शेवटच्या वेळी सा वर या. इतकं साधं, आणि ऐकणारा मान वर करून बघतो.

थोडं गोव्याबद्दल, दोन आवाजांचा सराव

तीन स्वर जड जात असतील तर दोनच घ्या. एकाने चाल गायची, दुसऱ्याने तीच चाल एक सोडून वरच्या स्वरावर: सा ला ग, रे ला म, ग ला प, म ला ध. सात शुद्ध स्वरांबाहेर जायचं नाही. गोव्याचा मांडो, म्हणजे तिथला कोकणी गाण्याचा प्रकार, ऐकलात तर त्यात असंच दोन आवाज हातात हात घालून चालतात. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांमध्ये लहानपणापासून स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवायचे, आणि तिथे तयार झालेले कितीतरी वादक पुढे मुंबईत आले, आधी जॅझ बँडमध्ये आणि मग हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा ही मंडळी संगीतकारांच्या चालींना हार्मनी लिहून द्यायची, वादकांसमोर कागद ठेवायची. आपण लहानपणापासून जी गाणी गुणगुणतो त्यांच्यामागचे व्हायोलिन्सचे थर त्यांच्या हातचे आहेत, आणि त्यांची नावं आपल्याकडे घ्यावीत तेवढी घेतली जात नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. जुनं गाणं लावा, हेडफोन घाला, गाणाऱ्याच्या आवाजाकडे लक्ष न देता फक्त मागची व्हायोलिन्स ऐका, कॉर्ड शिकायला याहून चांगली शाळा मला माहीत नाही.

सातवी पायरी: राग असेल तर

इथे आपल्या लोकांची गाडी अडते. वन फोर फाईव्ह हाताला बसलं की ते सगळ्याखाली ठोकायची सवय लागते, आणि यमनच्या गाण्याखाली म चा मेजर दाबला जातो. त्यात शुद्ध म आहे आणि चालीत तीव्र म, यमन तिथल्या तिथे मोडतो. त्यामुळे कॉर्ड नेहमी रागाच्या स्वरांतूनच बांधा, तिसऱ्या पायरीचीच पद्धत, एक सोडून एक.

यमन: सा मेजर तसाच, प मेजर तसाच, आणि रे-तीव्र म-ध हा आता मेजर होतो, तो यमनचा खास उजेड. ध-सा-ग मायनर आहेच. नि वर न्यास असेल तर सा-ग-प मध्येच नि ठेवा, सा-ग-प-नि, फार गोड लागतो.

भूप: म आणि नि नाहीत, म्हणून पूर्ण कॉर्ड दोनच, सा-ग-प आणि ध-सा-ग. प च्या जागी नुसतं प-रे धरा. भावगीत असेल तर मागे हलका नि आला तरी मी चालवून घेतो, बंदिश असेल तर नाही.

भैरवी: सा-कोमल ग-प मायनर, म-कोमल ध-सा मायनर, कोमल ध-सा-कोमल ग मेजर, कोमल रे-म-कोमल ध मेजर. प वर बांधायला गेलात तर प-कोमल नि-कोमल रे डिमिनिश्ड निघतो, तो सोडा. सा कडे परत यायला कोमल रे चा मेजर वापरा, कोमल रे एक घर खाली उतरून सा वर येतो तो क्षण म्हणजेच भैरवी. चालीत शुद्ध रे डोकावला, आणि भैरवीत तो येतोच, तर तेवढ्यापुरता प-कोमल नि-शुद्ध रे हा मायनर लावा.

काही राग मात्र कॉर्डला देऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. दरबारीतला कोमल ग झुलतो, भैरवातला कोमल रे झुलतो, तोडीतला कोमल ग कीबोर्डवरच्यापेक्षा उतरलेला असतो. गळा तिथे दोन कीजच्या मधल्या जागी जातो आणि तुम्ही खाली ठरलेला एकच स्वर दाबून धरला की दोघांची टक्कर होते. पेटीवर आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत बंदी घातली होती, त्यामागच्या तक्रारी याच होत्या, श्रुती (स्वरांच्या मधल्या बारीक जागा) बसत नाहीत, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) निघत नाही. बंदी योग्य होती असं मी म्हणत नाही, पण तक्रारीत तथ्य आहे, आणि तीन स्वर एकदम दाबले की ते तिप्पट जाणवतं. अशा वेळी नुसतं सा-प धरा, हळू, आणि चालीला मोकळं सोडा. मारवा असेल तर प सुद्धा वर्ज्य, तिथे तंबोराही ध किंवा नि ला लावतात, तर तुम्हीही सा बरोबर तोच स्वर धरा आणि बाकी बोटं उचलून घ्या.